संधिवात आणि पिलाटेस व्यायाम

सांधा दुखू लागला की त्यास विश्रांती द्यावी, असे मनुष्यास स्वाभाविकपणेच वाटते. पूर्वी वैद्यही पुष्कळदा हाच सल्ला देत असत. परंतु संधिवातात ही विश्रांती फार लांबली, तर तिच्यापासून हितापेक्षा अहितच अधिक होते. न हालविलेल्या सांध्याभोवतीचे स्नायू कृश होतात. स्नायू कृश झाले म्हणजे सांध्यावरील ताण वाढतो, ताणाबरोबर वेदना वाढते, आणि वेदनेच्या भीतीने रोगी आणखी हालचाल टाळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली झिजेच्या संधिवाताचे रोगी जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख होते. तेव्हा हे दुष्टचक्र कोठे व कसे तोडावे, हा प्रश्न थोड्याथोडक्या लोकांचा नव्हे.

सांध्याचे पोषण

सांध्यात जेथे दोन हाडे एकमेकांस भिडतात, तेथे त्यांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. प्रौढ मनुष्याच्या या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण मुख्यतः सांध्यातील वंगणातून, म्हणजे संधिद्रवातून होते. हा द्रव अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट असतो. सांध्यावर भार पडला की कूर्चा दाबली जाऊन तिच्यातील थोडा द्रव बाहेर येतो. भार उतरला की स्पंजाप्रमाणे ती तो पुन्हा शोषून घेते. ही देवघेव हालचालीवाचून नीट चालत नाही. म्हणून माफक हालचाल हे सांध्याचे एक प्रकारे अन्नच होय.

सांध्याचे दुसरे रक्षक म्हणजे स्नायू. साध्या चालण्यातही गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीइतका भार येतो. मांडीच्या पुढील भागाचे स्नायू सशक्त असले, तर पावलागणिक बसणारा हादरा ते बऱ्याच अंशी झेलतात.

पद्धतीचा उगम

पिलाटेस हे या व्यायामपद्धतीच्या जनकाचे आडनाव आहे. जोसेफ पिलाटेस याचा जन्म १८८३ साली जर्मनीत झाला. लहानपणी तो दमा, मुडदूस इत्यादी विकारांनी दुर्बळ होता, असे सांगतात. पहिल्या महायुद्धाच्या वेळी तो ब्रिटनमध्ये होता. जर्मन नागरिक म्हणून त्यास आइल ऑफ मॅन या बेटावर स्थानबद्ध करण्यात आले. पुढे १९२६ च्या सुमारास तो न्यूयॉर्क येथे स्थायिक झाला. तेथे त्याच्याकडे अनेक नर्तक व्यायामासाठी येत असत. आपल्या पद्धतीस तो 'कंट्रोलॉजी', म्हणजे नियंत्रणाची विद्या, असे म्हणे. १९६७ साली तो निधन पावला.

या नावातच पद्धतीचे मर्म आहे. पोट, पाठ व कटिभाग यांचे स्नायू स्थिर ठेवावयाचे, श्वासाशी मेळ घालून अवयव सावकाश हालवावयाचे, आणि संख्येपेक्षा अचूकपणास अधिक महत्त्व द्यावयाचे, ही तिची तत्त्वे होत.

संधिवातात उपयोग

या पद्धतीतील पुष्कळसे व्यायाम निजून करावयाचे असल्यामुळे गुडघ्यांवर व घोट्यांवर शरीराचे सर्व वजन पडत नाही. उताणे निजून, गुडघे दुमडून व तळपाय टेकून, श्वास सोडीत कंबर हळूहळू वर उचलली, तर नितंबांचे व मांडीच्या मागील भागाचे स्नायू बळकट होतात. कुशीवर निजून वरचा पाय सरळ ठेवून उचलल्यास खुब्याच्या बाजूचे स्नायू सुधारतात. चालताना शरीराचा तोल सांभाळणारे स्नायू हेच.

मात्र निरोगी मनुष्याचा व्यायाम रोग्याने जसाच्या तसा करू नये. मनगट सुजलेले असेल, तर तळहातांवर भार घेण्याऐवजी कोपरापुढील हात टेकावा. गुडघे टेकणे सोसत नसेल, तर त्यांखाली जाड घडी घालावी अथवा तो व्यायाम सोडून द्यावा. जमिनीवर बसणे-उठणेच कठीण असेल, त्याने कठीण बिछान्याचा पलंग किंवा खुर्ची वापरावी.

कोठे थांबावे

संधिवात हा एकच रोग नव्हे. आमवातात शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर हल्ला करते. अशा वेळी सांधा लाल, उष्ण व सुजलेला असेल, तर जोर लावण्याचे व्यायाम थांबवून हलकी हालचाल तेवढी ठेवावी. दीर्घकालीन आमवातात मानेच्या वरच्या मणक्यांचे बंध सैल होण्याचा संभव असतो. म्हणून डोके उचलून धरण्याचे व्यायाम वैद्याच्या अनुमतीवाचून करू नयेत. हाडे ठिसूळ झाली असतील, तर पाठ गोल वाकवून उठण्याचे प्रकार वर्ज्य समजावेत, कारण त्यांमुळे मणका दबून मोडण्याचे भय असते.

व्यायामाचे माप ठरविण्यास एक सोपी कसोटी आहे. स्नायूंस किंचित शिणवटा येणे वावगे नाही. परंतु सांध्याची वाढलेली वेदना व्यायामानंतर दोन तासांहून अधिक टिकली, तर व्यायाम अधिक झाला असे समजून पुढील वेळी तो कमी करावा. व्यायाम करताना तीव्र कळ आली, तर तत्काळ थांबावे.

पिलाटेस व्यायामाने संधिवात समूळ नाहीसा होत नाही, आणि आमवातावरील औषधांची जागाही तो घेऊ शकत नाही. चालणे, पोहणे इत्यादी इतर योग्य व्यायामांहून तो श्रेष्ठ आहे, असेही सिद्ध झालेले नाही. त्याचा खरा लाभ असा, की ज्यास प्रत्येक हालचालीची धास्ती वाटते, त्यास तो वजनाचा भार न पडू देता, सावकाश व मोजून हालचाल करावयास शिकवितो. जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोन-तीन वेळा नियमाने केलेला असा अल्प व्यायाम, एखाद्या दिवशी उत्साहाच्या भरात केलेल्या अतिश्रमापेक्षा सांध्यास अधिक मानवतो.