अपुरी कादंबरी आणि पुरा झालेला चित्रपट

ग्रंथकर्त्याच्या हातून काळानें लेखणी काढून घेतली आणि ग्रंथ अर्धाच राहिला, तर त्याचें पुढें काय करावें, हा प्रश्न फार जुना आहे. मराठी वाचकांस तर तो घरचाच वाटावा. कारण ‘कादंबरी’ हा आपला शब्दच मुळीं एका अपुऱ्या राहिलेल्या ग्रंथाचें नांव आहे. सातव्या शतकांत हर्षाच्या आश्रयास असलेल्या बाणभट्टाची कथा, पत्रलेखा चंद्रापीडाला कादंबरीची अवस्था निवेदन करीत असतांनाच थांबली. उत्तरभाग त्याच्या मुलानें, भूषणभट्टानें, लिहिला. आणि आरंभींच त्यानें सांगून टाकिलें कीं, वडिलांच्या मागें कथा खंडित झाल्याचें सज्जनांस दुःख होत होतें म्हणून आपण हें काम हातीं घेतलें, कवित्वाच्या अभिमानानें नव्हे.

हा प्रसंग आम्हांस आठवला तो एका अमेरिकन चित्रपटामुळें. ‘द ग्रेट गॅट्स्बी’ या कादंबरीचा कर्ता एफ्. स्कॉट फिट्झजेरल्ड हा आयुष्याच्या शेवटीं हॉलिवुडमध्यें पटकथा लिहून पोट भरीत होता. तेथील अनुभवावर ‘द लास्ट टायकून’ ही कादंबरी तो लिहीत असतां 21 डिसेंबर 1940 रोजीं हृदयविकारानें वारला. त्या वेळीं त्याचें वय अवघें 44 वर्षांचें होतें. योजिलेल्या प्रसंगांपैकीं 17 च लिहून झाले होते. त्याचा मित्र व टीकाकार एडमंड विल्सन यानें लिहिलेला भाग आणि पुढील कथेची टिपणें एकत्र करून 1941 सालीं पुस्तक प्रसिद्ध केलें. लेखकाचा हात कोठें थांबला, हें त्यांत वाचकापासून लपवून ठेविलेलें नाहीं.

कथानायक मन्रो स्टार हा एका मोठ्या चित्रसंस्थेचा तरुण सूत्रधार. 1936 सालीं अकालीं वारलेल्या आर्यव्हिंग थॅलबर्ग या निर्मात्यावरून हें पात्र घेतलेलें आहे. स्टारची पत्नी मरण पावलेली. भूकंपानंतरच्या गोंधळांत तिच्यासारखी दिसणारी एक स्त्री त्याच्या दृष्टीस पडते आणि तो तिच्यांत गुंततो. इकडे भागीदार ब्रॅडीशीं त्याचें वितुष्ट वाढत जातें. ही सर्व हकीकत ब्रॅडीची मुलगी सिसिलिया सांगते. तिचें स्टारवर प्रेम आहे. म्हणून तिच्या सांगण्यास एक हळुवार कळा आली आहे.

1976 सालीं इलिया कझान यानें या कथेवर चित्रपट काढला. तो त्याचा अखेरचा चित्रपट ठरला. पटकथा हॅरॉल्ड पिंटर या नामांकित नाटककाराची, प्रमुख भूमिका रॉबर्ट डी नीरोची. इतकी मोठी नांवें एकत्र येऊनही प्रेक्षकांत व टीकाकारांत एकमत झालें नाहीं. कोणी डी नीरोच्या संयमाची वाखाणणी केली; कोणास चित्रपट थंड व संथ वाटला, नायिका निर्जीव वाटली. कलादिग्दर्शनाचें नांव ऑस्कर पारितोषिकासाठीं सुचविलें गेलें. सर्वांत मोठा वाद मात्र शेवटाविषयीं झाला.

पुस्तकांत एक मौजेचा प्रसंग आहे. सिनेमाला तुच्छ लेखणाऱ्या एका कादंबरीकाराला स्टार एक गोष्ट सांगतो: एक स्त्री खोलींत येते, पिशवींतील नाणीं व काड्यांची पेटी मेजावर ठेविते, काळे हातमोजे शेगडींत जाळूं लागते. लेखक सहजच विचारतो, पुढें काय होतें? स्टार म्हणतो, तें मला ठाऊक नाहीं. मी नुसता चित्रपट करून दाखवीत होतों. चित्रपटाच्या अखेरीस, अधिकार हातून गेल्यावर, स्टार हीच गोष्ट पुन्हां थेट प्रेक्षकांकडे पाहून सांगतो आणि रिकाम्या, अंधाऱ्या चित्रशाळेंत चालत जातो. अपुऱ्या कथेस साजेसा हा शेवट आहे, असें त्याचे चाहते म्हणतात. ही हुलकावणी आहे, असें विरोधक म्हणतात.

आमच्या मतें दोन्ही पक्षांत तथ्य आहे. पण खरी उणीव निराळीच आहे. फिट्झजेरल्डच्या टिपणांप्रमाणें स्टार ब्रॅडीचा खून करविण्याचा बेत करतो. विमानांत बसल्यावर त्याला पश्चात्ताप होतो. पुढील मुक्कामीं उतरतांच तो बेत रद्द करावा असें तो ठरवितो, आणि तोंच विमान कोसळतें. सद्बुद्धि झाली, पण तिला वेळ उरला नाहीं! हें पाप आणि हा पश्चात्ताप गाळल्यामुळें चित्रपटांतील स्टार केवळ पदच्युत झालेला अधिकारी उरतो. सिसिलियाची निवेदिकेची भूमिकाही काढून टाकिल्यामुळें त्याच्यासाठीं हळहळणारें अंतःकरणही कथेंतून नाहींसें झालें.

यावर कोणी म्हणेल कीं, टिपण म्हणजे कांहीं ग्रंथ नव्हे. लेखक जगता तर त्यानें तें बदललेंही असतें. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच पिंटर-कझान यांनीं मृताच्या तोंडीं स्वतःचे शब्द घातले नाहींत याबद्दल आम्ही त्यांस दोष देत नाहीं. परंतु पुस्तकाचा वाचक शेवटचें पान उलटून टिपणें पाहूं शकतो; प्रेक्षकापुढें पडदा काळा होतो आणि तेथेंच सर्व संपतें. मग मृत्यूनें केलेली तूट त्याला दिग्दर्शकाची चूक वाटते, किंवा दिग्दर्शकानें गाळलेला भाग लेखकाचाच दोष वाटतो. मतें दुभंगलीं त्याचें एक कारण आम्हांस हें दिसतें.

पुढें याच कथेवर एक दूरचित्रमालिका निघाली, तीही 2017 सालीं एकाच सत्रानंतर बंद झाली. या कथेच्या नशिबीं पूर्णता नाहींच कीं काय, असें क्षणभर वाटतें.

वडिलांचें अर्धें राहिलेलें काम पुरें करण्याचा प्रसंग पुष्कळ घरांत येतो. तें करूं नये असें नाहीं. मात्र त्यांचें कोठें संपलें आणि आपलें कोठें सुरू झालें, हें भूषणभट्टाप्रमाणें उघड सांगावें. घरांतील तरुण मंडळींस हा चित्रपट पाहावयाचा असेल, त्यांनीं आधीं पुस्तक टिपणांसह वाचावें. मग रात्रीच्या जेवणानंतर स्टारचा शेवट कसा व्हावयास हवा होता, याची चर्चा खुशाल रंगूं द्यावी.