पानशेतचा पूर आणि निवासी परिसराची निवड : नारायण पेठेच्या संदर्भात

नव्या शहरात स्थलांतर करणारे कुटुंब घराइतकाच शेजारही निवडत असते. या निवडीचे निकष समजून घेण्यासाठी पुण्याच्या नारायण पेठेचा अनुभव उद्बोधक आहे.

नारायणराव पेशव्यांचे नाव धारण करणारी ही पेठ मुठेच्या काठी वसली आहे. टिळकांनी १९०५ मध्ये विकत घेतलेला गायकवाड वाडा, म्हणजेच केसरीवाडा, येथेच आहे. वाडासंस्कृतीत एका चौकाभोवती अनेक बिऱ्हाडे नांदत आणि कोणाच्याही मुलावर सर्वांचे लक्ष असे. सामायिक नळ व अपुऱ्या खोल्या ही त्याची दुसरी बाजू. स्मरणरंजनात ती सहसा गळते.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत व त्यापाठोपाठ खडकवासला धरण फुटले. नदीकाठच्या पेठांतील हजारो कुटुंबे बेघर झाली. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहती विकसित झाल्या. गृहनिर्माण संस्थेसाठी सभासद एकत्र यावे लागत असल्याने घराबरोबर शेजाराचाही विचार आपोआप होई, हे सहकाराचे दुर्लक्षित वैशिष्ट्य मानावे लागेल.

आज पुण्यात येणारी कुटुंबे प्रामुख्याने भाडे आणि कचेरीचे अंतर पाहतात. मुलांना शाळेत पायी जाता येईल काय, सायंकाळी आवारात वृद्ध बसलेले दिसतात काय, हे प्रश्न मागे पडतात. पूररेषेचा प्रश्न तर क्वचितच विचारला जातो. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की नारायण पेठेला डेक्कनशी जोडणारा बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो; जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीतील घरांतही पाणी शिरले होते.