तुटण्याचा आकडा कुठून आणायचा?

वाङ्मय मंडळाच्या अंकात पोलादावर लेख कशाला, असं कुणी विचारेल. पण शब्दाचा अर्थ संदर्भावाचून ठरत नाही, हे आपण मंडळात नेहमी बोलतो. माझ्या कामातल्या एका आकड्याचंही तसंच आहे.

बस उलटली तरी आतल्या माणसांभोवतीची जागा शाबूत राहिली पाहिजे. आपल्याकडे त्यासाठी एआयएस ०३१ हे मानक आहे. हे संगणकावर तपासताना सांगाड्याचे हजारो छोटे तुकडे कल्पून गणित मांडतात. ही झाली फायनाईट एलिमेंट पद्धत. एखादा तुकडा किती ताणला गेला की तुटला असं समजायचं, तो आकडा म्हणजे फेल्युअर स्ट्रेन. तो जास्त धरला तर पडद्यावर खांब तुटतच नाही, आणि खरी बस मात्र फाटू शकते. कमी धरला तर उगाच जाड नळ्या घालून वजन वाढतं.

मग आकडा घ्यायचा कुठून? पोलादाच्या दाखल्यावर २३ टक्के लांबवाढ लिहिलेली असते, तीच टाकून मोकळं व्हावंसं वाटतं. पण कणीक ओढून बघा. आधी ती सगळीकडे सारखी लांबते, मग एका जागी बारीक होते आणि तिथेच तुटते. पोलादाचंही असंच होतं. समजा, ५० मिलिमीटर पट्टी सगळीकडे सारखी १० मिलिमीटर लांबली आणि बारीक झालेल्या जागी आणखी ४. एकूण वाढ २८ टक्के. तीच तुटलेली जागा मध्ये धरून २५ मिलिमीटरवर मोजलं, तर ५ अधिक ४, म्हणजे ३६ टक्के. पट्टी तीच, आकडा वेगळा!

तुटल्या जागेचं क्षेत्रफळ ६० टक्क्यांनी घटलं असेल, तर तिथला खरा स्ट्रेन सुमारे ०.९२ निघतो. दाखल्यावरच्या २३ टक्क्यांचा हिशेब त्याच पद्धतीने केला, तर फक्त ०.२१.

यातला कुठला खरा? दोन्ही खरे, पण आपापल्या जागी. मोठा तुकडा ही वाढ सरासरीत बुडवतो, म्हणून त्याला आकडा लहान लागतो. बारीक तुकड्याला मोठा. म्हणून मी आधी ओढचाचणीच संगणकावर करतो, बससाठी वापरणार त्याच मापाचे तुकडे घेऊन. प्रयोगशाळेतली पट्टी जिथे तुटली तिथेच पडद्यावरची तुटेपर्यंत आकडा जुळवतो.

तरी काम संपत नाही. ओढताना आणि कातरताना धातू वेगवेगळ्या स्ट्रेनला तुटतो. जॉन्सन आणि कुक यांनी १९८५ मध्ये मांडलेलं सूत्र तर ताणाची अवस्था, वेग आणि तापमान हे तिन्ही धरतं. वेल्डजवळचा आणि थंड वाकवलेल्या कोपऱ्यातला धातू कमी ताणतो, तिथला नमुना वेगळा कापून तपासावा लागतो.

शेवटी मी तेच गणित थोड्या कमी आणि थोड्या जास्त आकड्याने पुन्हा चालवतो. निकाल बदलला नाही, तर ठीक. बदलला, तर अहवालावर सही करण्याआधी आणखी चाचण्या मागायच्या. कुणी कितीही घाई केली तरी! आत माणसं बसणार असतात.