जुन्या संगणकाचा दुभाषा

ज्या घरांत दोन-तीन पिढ्यांचीं दप्तरें सांभाळून ठेवलेलीं असतात, तेथें मोडी लिपींतील कागदांचें एखादें तरी गाठोडें सांपडतें. तें सोडून बसलेल्या पदवीधर तरुणास त्यांतील एक ओळहि लागत नाहीं. हा दोष कागदाचा नव्हे आणि तरुणाच्या बुद्धीचाहि नव्हे. उणीव असते ती दोघांच्या मध्यें बसणाऱ्या मोडी-वाचकाची. तो मिळाला म्हणजे वर्षानुवर्षें मुकें असलेलें गाठोडें घटकेंत बोलूं लागतें. घरांतला जुना संगणक एके दिवशीं फुगट, अंधुक अक्षरें दाखवूं लागला, आणि ‘आतां हा टाका, नवा घ्या’ असा सल्ला दुकानांतून मिळाला, तर हाच प्रश्न आधीं विचारावा : यंत्र मेलें आहे, कीं त्याचा दुभाषा हरवला आहे? प्रश्न कांहीं हजार रुपयांचा आहे. आणि पुष्कळ घरीं नातवंडांचा अभ्यास व आजोबांचें लेखन एकाच यंत्रावर चालत असल्यामुळें तो केवळ रुपयांचाहि नाहीं.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे संगणकाचा चित्रकार. पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवून चित्र पुरविणें हें त्याचें काम. त्याला हुकूम करणारा यजमान म्हणजे विंडोज किंवा लिनक्स. यजमान आपल्या बोलींत सांगतो, ‘येथें चौकट काढ, तेथें अक्षर उमटव’. पण चित्रकारास कळते ती केवळ आपल्या घराण्याची सांकेतिक भाषा. ह्या दोघांमध्यें भाषांतर करणारी जी आज्ञावली, तिलाच ड्रायव्हर म्हणतात. ती जागेवर नसेल तर विंडोज आपल्या पदरच्या एका कामचलाऊ दुभाष्यावर वेळ मारून नेतें. विंडोज ७ मध्यें त्याचें नांव ‘स्टँडर्ड व्हीजीए’ असें होतें; विंडोज ८ पासून त्यास ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ म्हणतात. त्याला चार मोडकीं वाक्यें तेवढीं येतात. म्हणून पडदा उजळतो, परंतु अक्षरें फुगतात, हलतें चित्र अडखळतें आणि पडद्याचें योग्य मोजमाप यादींत मिळत नाहीं. हीं लक्षणें म्हातारपणाचीं नव्हत. दुभाष्याच्या गैरहजेरीचीं आहेत.

येथें बहुतेकांचें पाऊल चुकतें तें असें. कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन सर्वांत नवा ड्रायव्हर कोणता तें पाहावयाचें आणि तोच उतरवून घ्यावयाचा. ताजें तें उत्तम हा न्याय भाजीला लागू पडतो, दुभाष्याला नाहीं. नवा ड्रायव्हर नव्या कार्डांच्या भाषा शिकलेला असतो, आणि जुन्या घराण्यांच्या भाषा त्याच्या अभ्यासक्रमांतून वगळलेल्या असतात. तो बसवूं गेल्यास ‘योग्य हार्डवेअर सांपडलें नाहीं’ अशा अर्थाचा संदेश देऊन तो परत फिरतो. कार्ड बिघडलें असा त्याचा अर्थ नव्हे. मोडी न शिकलेल्या विद्वानानें ‘ही लिपि मला येत नाहीं’ असें प्रामाणिकपणें सांगावें, तसा तो संदेश आहे. जुन्या कार्डास हवा असतो तो त्याच्या घराण्यासाठीं लिहिला गेलेला शेवटचा ड्रायव्हर.

उदाहरणार्थ, एन्व्हिडिया कंपनीचें जी-फोर्स २१० हें कार्ड घ्या. तें २००९ च्या ऑक्टोबरांत बाजारांत आलें. त्यास वीज सुमारें ३१ वॅट लागते आणि वेगळी वीजजोडणी लागत नाहीं. त्यामुळें साध्या घरगुती संगणकांतहि तें सहज बसतें. ही कंपनी आपल्या घराण्यांस शास्त्रज्ञांचीं नांवें देते. हें कार्ड टेस्ला घराण्यांतलें. त्या घराण्याचा विंडोजवरील शेवटचा ड्रायव्हर ३४२.०१ हा डिसेंबर २०१६ मध्यें निघाला. पुढचें फर्मी घराणें, त्याचा ३९१.३५ हा मार्च २०१८ चा. केप्लर घराण्यास २०२१ सालीं नव्या ड्रायव्हरांतून वगळण्यांत आलें, व केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या सप्टेंबर २०२४ पर्यंत पुरविण्याचें ठरलें. ए.एम.डी. कंपनीच्या रेडिऑन एच.डी. ५४५० ह्या २०१० सालच्या कार्डासाठीं कॅटॅलिस्ट १५.७.१ ही जुलै २०१५ ची आवृत्ति उपयोगी पडते. हे आंकडे पाठ करण्याची गरज नाहीं. प्रत्येक घराण्याला एक शेवटचा दुभाषा असतो, एवढें लक्षांत ठेवावें.

वैद्य आधीं निदान करतो, मग चिकित्सा. येथेंहि प्रथम कार्डाचें कुलनाम काढावें. ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ खालील नांवावर उजवी कळ दाबावी. ‘प्रॉपर्टीज’, मग ‘डिटेल्स’, मग ‘हार्डवेअर आयडी’ पाहावें. दुभाषा नसला तरी हा मजकूर दिसतो, कारण तो कार्डावरच कोरलेला असतो. त्यांतील ‘व्हेन’ ह्या अक्षरांपुढें कारखानदाराचा अंक असतो : १०डीई म्हणजे एन्व्हिडिया, १००२ म्हणजे ए.एम.डी., ८०८६ म्हणजे इंटेल. इंटेलनें आपल्या १९७८ सालच्या प्रसिद्ध चिपचाच अंक येथें मिरविला आहे. ‘डेव्ह’ पुढें कार्डाचा स्वतःचा अंक असतो. जी-फोर्स २१० चा ०ए६५. वरच्या डब्यावर किंवा बिलावर कांहींहि छापलेलें असो, हे दोन अंक खोटें बोलत नाहींत. त्याच वेळीं विंडोज ३२-बिट आहे कीं ६४-बिट, हेंहि ‘सिस्टिम’ च्या माहितींत पाहून ठेवावें. दोहोंचे ड्रायव्हर निरनिराळे असतात.

निदानाचें दुसरें अंग म्हणजे दोष केव्हां दिसतो हें पाहणें. संगणक सुरू करतांच, विंडोजचें चिन्ह येण्याच्याहि आधीं, पडद्यावर रंगीत पट्टे किंवा ठिपके दिसत असतील, तर ड्रायव्हरास दोष देणें अन्याय आहे. कारण त्या वेळीं तो जागाच झालेला नसतो. अशा वेळीं वीज बंद करून, वायर काढून, कार्ड हलक्या हातानें उपसावें. सोनेरी दातांवरची धूळ मऊ कोरड्या कापडानें पुसावी, पंखा फिरतो कीं नाहीं तें पाहावें, आणि कार्ड पुन्हा घट्ट बसवावें. कोंकणांतल्या दमट हवेंत एवढ्यानेंच कित्येक कार्डें ताळ्यावर येतात. पडद्याची वायर कार्डाच्या खांचेंत आहे कीं चुकून मदरबोर्डाच्या खांचेंत, हेंहि पाहून घ्यावें. उलट, आरंभीचें चित्र स्वच्छ असून विंडोज येतांच बिघडत असेल, तर शंका ड्रायव्हरावर घ्यावी. संगणकाचें घड्याळ प्रत्येक वेळीं जुनी तारीख दाखवीत असेल, तर मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल बदलावा. चुकीच्या तारखेमुळें सुरक्षित संकेतस्थळें उघडण्याचें नाकारतात आणि ड्रायव्हर उतरवितांच येत नाहीं.

आतां चिकित्सा. वैयाकरण म्हणतात कीं आगम हा मित्रासारखा असतो, शेजारीं येऊन बसतो. आदेश हा शत्रूसारखा, पहिल्यास उठवून त्याच्या जागीं बसतो. ड्रायव्हर हा आदेश आहे. जुन्याचे अवशेष ठेवून नवा घातला तर एकाच आसनावर दोघे बसूं पाहतात आणि पडदा काळा होतो. म्हणून क्रम असा ठेवावा. महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेर काढून ठेवावी आणि ‘रीस्टोअर पॉइंट’ करून ठेवावा. योग्य ड्रायव्हर आधींच उतरवून घ्यावा. मग इंटरनेट तोडावें. नाहींतर मध्येंच विंडोज आपल्या मनानें दुसराच ड्रायव्हर आणून बसवितें. जुना ड्रायव्हर ‘प्रोग्राम्स’ च्या यादींतून काढावा. तरीहि अवशेष राहिल्याची शंका असेल, तर ‘सेफ मोड’ मध्यें जावें. विंडोज १० मध्यें शिफ्ट कळ दाबून ‘रीस्टार्ट’ केलें, आणि पुढें ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ ह्या वाटेनें जाऊन शेवटीं ४ हा अंक दाबला, कीं तेथें प्रवेश होतो. ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ नांवाचें निःशुल्क साधन ह्याच अवस्थेंत झाडलोट करण्यासाठीं आहे. नंतर नेहमींच्या अवस्थेंत परत येऊन नवा ड्रायव्हर बसवावा. ‘कस्टम’ मध्यें ‘क्लीन इन्स्टॉलेशन’ ची निवड दिसल्यास ती करावी. बसवितांना पडदा एक-दोनदां काळा होतो. तेव्हां घाबरून बटन दाबूं नये. बराच वेळ काळाच राहिला तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ह्या चार कळा एकदम दाबाव्या. त्यानें ड्रायव्हर पुन्हा जागा होतो.

एवढें करूनहि अडलें, तर डिव्हाइस मॅनेजर एक अंक देतो. तो अंक म्हणजे रोग्याची नाडी. २८ म्हणजे ड्रायव्हरच बसविलेला नाहीं. २२ म्हणजे कोणीतरी कार्ड बंद करून ठेवलें आहे. तें केवळ चालू करावें. १० म्हणजे कार्ड सुरू होऊं शकलें नाहीं. ५२ म्हणजे ड्रायव्हरावरील सही विंडोजला ओळखतां आली नाहीं. विंडोज ७ च्या जुन्या प्रतींत हा अंक वरचेवर येतो, कारण नव्या धर्तीची सही वाचण्याची विद्या तिला पुढील दुरुस्त्यांनीं मिळाली. त्या आधीं बसवाव्या. ४३ म्हणजे कार्डानें स्वतःच तक्रार नोंदविली म्हणून विंडोजनें तें थांबविलें. हा अंक योग्य ड्रायव्हर स्वच्छ बसवूनहि कायम राहिला, तर कार्डाच्या आयुष्याची चिंता करावी. ‘ड्रायव्हर थांबला होता व पुन्हा सुरू झाला’ असा संदेश वरचेवर येत असेल, तर कार्डानें उत्तर देण्यास दोन सेकंदांहून अधिक वेळ घेतला असा त्याचा अर्थ. तेव्हां उष्णता व पंखा आधीं पाहावा.

एक इशारा अगत्यपूर्वक द्यावासा वाटतो, विशेषतः घरीं एकटे राहणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठीं. ‘तुमचे सतरा ड्रायव्हर जुने झाले आहेत, एका कळीसरशीं बदला’ अशा जाहिराती पडद्यावर झळकतात. जुना असणें हा रोग नव्हे, हें वर सांगितलेंच आहे. अशा उपटसुंभांकडून कांहीं घेऊं नये, त्यांस पैसेहि देऊं नयेत. ड्रायव्हर घ्यावा तो कार्डाच्या किंवा संगणकाच्या कारखानदाराकडूनच. आणि उतरविलेल्या फायलीच्या ‘प्रॉपर्टीज’ मध्यें ‘डिजिटल सिग्नेचर्स’ खालीं कोणाची सही आहे तें वाचून मगच ती उघडावी.

शेवटीं मर्यादाहि स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. नाहींतर जुन्याचा अभिमान हाहि एक भ्रमच ठरेल. दुभाषा भाषांतर करतो, शक्ति देत नाहीं. २००९ चें कार्ड व्हीपी९, एव्ही१ असल्या पुढच्या काळांतील चित्रपद्धति स्वतः उलगडूं शकत नाहीं. तो भार मुख्य प्रोसेसरावर पडतो. विंडोज ११ ला डायरेक्टएक्स १२ जाणणारें कार्ड लागतें, आणि जी-फोर्स २१० ची धांव १०.१ पर्यंतच आहे. विंडोज १० चा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. ज्या ड्रायव्हरास दुरुस्त्या मिळणें बंद झालें, त्यांतील छिद्रें उघडींच राहतात. म्हणून अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करूं नयेत. लेखन, वाचन, हिशेब, मुलांचा टंकलेखनाचा सराव ह्यांस मात्र तें अजून पुष्कळ वर्षें पुरेल. ज्यांस चालू दुरुस्त्या हव्या असतील, त्यांनीं लिनक्सची वाट धरावी. एन्व्हिडियानें ह्या घराण्यासाठीं लिनक्सवरचा आपला शेवटचा ड्रायव्हर, ३४०.१०८, डिसेंबर २०१९ मध्यें दिला. परंतु स्वयंसेवकांनीं लिहिलेला ‘नूव्हो’ हा ड्रायव्हर फेब्रुवारी २०१० पासून लिनक्सच्या गाभ्यांतच समाविष्ट आहे, वेगळा बसवावा लागत नाहीं. वेग बेताचा, पण पडदा नीटनेटका मिळतो. नूव्हो ह्या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘नवा’ असा आहे, आणि जुन्या कार्डांस तोच अखेरपर्यंत सांभाळतो आहे, हा योग मोठा गमतीचा.

आणि कार्ड खरोखरच निकामी ठरलें, तर तें उकिरड्यावर टाकूं नये. भारतांत ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. अधिकृत पुनर्वापर-केंद्राकडे तें सोंपवावें. परंतु तो निकाल आधीं नव्हे, शेवटीं द्यावयाचा आहे : कुलनाम काढून, दोषाची वेळ पाहून, योग्य दुभाषा योग्य रीतीनें बसवून झाल्यावर. एक मोकळी दुपार आणि थोडा धीर, एवढाच त्याचा खर्च आहे. तेवढा करून मग यंत्र टाकणारा मनुष्य विचारानें टाकतो. आणि पुष्कळ वेळां त्याला टाकावें लागतच नाहीं.