भुयारी गटारांतील दुर्गंधी आणि नळांची झीज

१८९८ साली बंगळूर शहरात प्लेगची साथ आली. त्यानंतर दाटीच्या पेठांतून बाहेर पडलेल्या लोकांची वस्ती मल्लेश्वरम येथे वाढली. घरांच्या मागील बाजूस तेथे अरुंद बोळ राखलेले होते. मैला नेणारे कामगार त्यांतून ये-जा करीत. पुढे भुयारी गटारे आली आणि ‘दृष्टीआड सृष्टी’ या न्यायाने नागरिकांस मैल्याचा विसर पडला. परंतु जमिनीखाली त्याचे कार्य चालूच असते.

गटाराच्या नळात, पाण्याखालच्या भागावर, बुळबुळीत थर साचतो. त्याच्या आतील भागात प्राणवायू पोहोचत नाही. तेथील जंतू सांडपाण्यात विरघळलेल्या सल्फेट क्षारांवर आपला निर्वाह करतात व त्यांतून हायड्रोजन सल्फाइड हा वायू निर्माण होतो. सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी येते ती याचीच. सोडावॉटरची बाटली हलविली असता वायू उसळून येतो, त्याप्रमाणे सांडपाणी जेथे उंचावरून पडते किंवा खळाळते तेथे हा वायू बाहेर पडतो.

नळाच्या ओलसर माथ्यावर दुसऱ्या प्रकारचे जंतू असतात. ते या वायूपासून गंधकाम्ल तयार करतात. काँक्रीटमधील चुन्याशी या अम्लाचा संयोग होऊन जिप्सम हा मऊ पदार्थ बनतो. म्हणूनच नळ तळाशी शाबूत, पण माथ्याशी पोखरलेला आढळतो. मेलबर्न येथील पार्कर या संशोधकाने १९४५ साली असे जंतू वेगळे काढून हे कोडे उलगडले.

दुर्गंधी आणि झीज यांचे मूळ एकच असल्यामुळे उपायही मुळाशीच हवा. सांडपाणी सेकंदास सुमारे ६० सेंटिमीटर वेगाने वाहील असा उतार दिल्यास गाळ साचत नाही. मल्लेश्वरमसारख्या उंच भागात असा उतार सहज मिळतो. सखल भागात मात्र सांडपाणी पंपाने चढवावे लागते व ते बंद नळात तुंबून राहते. अशा नळात हवा किंवा नायट्रेट सोडतात. लोहाचे क्षार घातल्यास ते सल्फाइडला बांधून ठेवतात. भाजलेल्या चकचकीत मातीच्या नळांवर अम्लाचा परिणाम होत नाही; काँक्रीटच्या नळांस आतून प्लॅस्टिकचे अस्तर देतात. केवळ हवेची नळी उभारल्याने मात्र दुर्गंधी दुसरीकडे जाते, नाहीशी होत नाही.

या वायूचा एक गुण विशेष घातक आहे. हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे सुमारे १०० भाग झाले, की थोड्याच वेळात नाक बधिर होते. वास थांबला म्हणजे धोका टळला, असे समजून आत उतरलेला मनुष्य याहून अधिक वायूत क्षणार्धात मूर्च्छित पडतो. त्यास वाचविण्यास धावलेल्या सोबत्याचीही तीच गत होते. संरक्षक साधनांवाचून कोणासही गटारात उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. नळाचा माथा ढासळला तर तो पुन्हा बांधता येतो. गेलेला प्राण परत आणता येत नाही.