दुसऱ्या पायरीवरचा खेळाडू

जो खेळाडू सर्वांत वरच्या पायरीवर कधी पोहोचलाच नाही, त्याची कारकीर्द वाया गेली का? जळगाव-धुळ्याच्या घरांमधून हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो: "खेळून पुढे काय?"

इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या वरच्या श्रेणीत २० संघ, तिच्याखालच्या तीन श्रेण्यांत मिळून ७२. चौथ्या श्रेणीतल्याला जग ओळखत नाही, पण खेळावर त्याची चूल पेटते. आपल्याकडे रणजी क्रिकेट ही तशीच खालची पायरी. पूर्वी मात्र तिच्यावर पोट भरत नसे. बँकेत, रेल्वेत नोकरी करायची आणि तिच्या आधाराने खेळायचे.

आता पद्माकर शिवलकर घ्या. मुंबईचे डावखुरे फिरकी गोलंदाज. प्रथम श्रेणीचे १२४ सामने, ५८९ बळी. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात तमिळनाडूचे १३ गडी त्यांनी अवघ्या ३४ धावांत टिपले. आणि कसोटी सामने किती? शून्य! कारण त्याच काळात, त्याच पद्धतीची गोलंदाजी टाकणारे बिशनसिंग बेदी संघात होते: ६७ कसोट्या, २६६ बळी. हरियाणाचे राजिंदर गोयल, रणजीत ६३७ बळी घेऊनही, असेच बाहेर राहिले. जागा एक, माणसे तीन.

इथे तत्त्वज्ञान कामाला येते. अ‍ॅलस्डेअर मॅकिन्टायर यांनी 'आफ्टर व्हर्च्यू' या १९८१ च्या ग्रंथात एक भेद केला आहे. पैसा, पद, कीर्ती हे बाहेरचे लाभ. एकाला मिळाले की दुसऱ्याचे कमी होतात. खेळातले कौशल्य हा आतला लाभ; तो खेळूनच मिळतो आणि त्याने सगळा खेळच श्रीमंत होतो. कसोटीची टोपी बेदींना मिळाली, पण शिवलकरांच्या हातातली फिरकी कोणी काढून घेतली नाही. सुनील गावस्करांनी 'आयडॉल्स' या पुस्तकात आपल्या आदर्शांमध्ये शिवलकर आणि गोयल या दोघांनाही बसवले, ते उगाच नव्हे.

पण याचा अर्थ खेळाडूने उपाशी राहून समाधान मानावे, असा आम्ही काढत नाही. आतला लाभ टिकायला बाहेरचा आधार लागतोच. संस्था त्यासाठीच असतात.

म्हणून "पुढे काय?" हे खरे तर दोन प्रश्न आहेत. पोटाचे काय, याचे उत्तर शिक्षणाने, नोकरीने आणि संस्थांनी द्यायचे. खेळाचे काय, याचे उत्तर मात्र तुमचा मुलगा, तुमची मुलगी रोज मैदानावर देतच असते. पहिल्याच्या काळजीत दुसरे ऐकायचे राहू नये, एवढेच आमचे म्हणणे.