साखर दुखत नाही, म्हणूनच तपासायची



परमपूज्य बाबासाहेबांना मधुमेह होता. पायांतल्या वेदनांनी त्यांना झोप लागत नसे, इन्सुलिन घ्यावे लागे. शेवटच्या वर्षांत नजर अधू झाली, आधाराशिवाय चालणे कठीण झाले. त्याच अवस्थेत त्यांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ पुरा केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्याला दीक्षा दिली. दोन महिन्यांच्या आत, वयाच्या ६५ व्या वर्षी, त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

त्या काळी घरी साखर मोजायचे यंत्र नव्हते. आज वस्तीजवळच्या महापालिका दवाखान्यात ही तपासणी होते. तरी आपण जात नाही, कारण सुरुवातीची साखर दुखत नाही. नसा, डोळे, मूत्रपिंड आतून झिजत राहतात आणि आपण “मला काही होत नाही” म्हणून कामावर जातो.

आकडे कसे वाचायचे?

उपाशीपोटी साखर १०० च्या खाली असेल तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. १२६ किंवा जास्त आली तर पुन्हा तपासून डॉक्टर निदान पक्के करतात. एचबीए१सी ही तपासणी मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते, ती ६.५ किंवा जास्त असेल तर मधुमेह. उपचार सुरू झाल्यावर बहुतेकांचे लक्ष्य असते उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या खाली आणि एचबीए१सी ७ च्या आत.

ताटात काय बदलायचे?

रेशनवर तांदूळ आणि गहू मिळतो, म्हणून ताटात भाताचा डोंगर आणि कडेला आमटी. हे उलटे करायचे. अर्धे ताट भाजी, कोशिंबीर. पाव ताट डाळ, उसळ, अंडे किंवा मासा. उरलेल्या पाव ताटात भात किंवा भाकरी, दोन्ही नाही. महाग काही आणायला नको. मटकी, चवळी, मेथी, दुधी, सुकट हे आपल्याच बाजारातले आहे. गूळ आणि मध साखरेइतकेच साखर वाढवतात. दिवसाचे चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे झाले. पहिली कात्री तिथे लावायची.

कोसलचा राजा प्रसेनजित भरमसाट जेवायचा. धापा टाकत तो तथागतांकडे आला, तेव्हा त्यांनी त्याला उपाशी राहायला सांगितले नाही. प्रमाण ओळखून जेवायला सांगितले. राजाने जेवताना आठवण करून द्यायला एक तरुण नेमला आणि जेवण हळूहळू कमी केले. आपल्या घरी हे काम नातवंडांना द्यावे. ती चोख करतात.

चालायचे कधी?

स्नायू काम करतात तेव्हा ते रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणून जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची चालही कामी येते. आठवड्यात १५० मिनिटे भरभर चालणे हे ध्येय ठेवावे. गल्ली अरुंद असेल तर ठाण्यात मासुंदा तलाव, कल्याणात काळा तलाव आहेच. दिवसभर धुणीभांडी करणाऱ्या किंवा झाडू मारणाऱ्या ताई म्हणतील, “आमचा व्यायाम होतोच की.” कामाचा उपयोग होतोच, पण सलग चालही हवी. वजन जास्त असेल तर ७० किलोचे ६६ झाले तरी साखरेत फरक पडतो. चालताना चप्पल-बूट घालावेत आणि रात्री तळपाय पाहावेत.

गोळी का सोडू नये?

साखर ठीक आली की गोळी बंद, हे आम्ही वस्तीत नेहमी ऐकतो. साखर ठीक आली ती पथ्यामुळे आणि गोळीमुळे. गोळी कमी करायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील. मेटफॉर्मिनने सुरुवातीला पोट बिघडते. ती जेवणासोबत घ्यावी, त्रास राहिला तर डॉक्टरांना सांगावे. कारल्याचा रस किंवा कुणी दिलेली पुडी गोळीची जागा घेऊ शकत नाही.

पौर्णिमा आणि अष्टशील

वर्षावासात अनेक उपासक-उपासिका पौर्णिमेला अष्टशील पाळतात, दुपारनंतर जेवत नाहीत. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर अशा वेळी एकदम उतरू शकते. घाम, थरथर, घाबरे होणे ही तिची खूण. शुद्धीवर असलेल्या माणसाला लगेच तीन चमचे साखर पाण्यात द्या, पंधरा मिनिटांनी साखर मोजा, बरे वाटले की खायला द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, थेट रुग्णालयात न्या. व्रत धरण्याआधीच डॉक्टरांना विचारा. विहारातली खीर अर्धी वाटी घ्या आणि त्या दिवशी भात सोडा. खीर वाढणाऱ्यांनीही आग्रह करू नये.

कुठे जायचे?

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी सरकारी आरोग्य केंद्रात मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी आहे. पुढच्या उपचारांसाठी कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय आहे. आई-वडिलांना साखर असेल तर आपण आधी जावे. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि लघवीही तपासून घ्यावी.

बाबासाहेबांच्या तसबिरीला आपण रोज वंदन करतो. येत्या रविवारी घरातल्या तिशीवरच्या सगळ्यांची नावे एका कागदावर लिहा, आणि ज्याची तपासणी होईल त्याच्या नावापुढे तारीख आणि आकडा टाका. तो कागद तसबिरीखालीच लावा.